पगारकराराच्या वाटाघाटी आणि वैमानिकांची एकजूट: पहिल्या यादीपासून शेवटच्या सहीपर्यंत

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खळ्यात चार-पाच तरुण वैमानिक येऊन बसतात. कुणी वेंगुर्ल्याचा, कुणी मालवणचा, एक मुलगी देवगडची. मोपाच्या नाहीतर चिपीच्या विमानतळावर उतरायचं, गणपतीसमोर हात जोडायचे, आणि मोदक पचायच्या आत परत ड्युटीवर. मी पासष्टीला विमान सोडलं. त्याआधी तीन पगारकरारांत युनियनच्या बाजूने टेबलावर बसलो, आणि त्यातला एक आम्ही जवळजवळ हरलो होतो. ते या पोरांना ठाऊक आहे.

यंदा देवगडच्या मुलीने विचारलं, "काका, पुढच्या वर्षी आमचा करार संपतोय. युनियन आहे, पण कंपनीने जरा ताणलं की माणसं टिकणार नाहीत असं वाटतंय. कुठून सुरुवात करायची?" आरती झाल्यावर बोलायला बसलो ते रात्री अकरापर्यंत. तेव्हा सांगितलेलं आणि तेव्हा न सुचलेलंही खाली क्रमाने लिहिलंय.

वर्षभर आधी: जोड कुठे आहेत ते बघा

माझा चुलता रापणीवर होता. जाळं किनाऱ्यावर ओढून झालं, मासळीचे वाटे झाले, की तो ते वाळूवर पसरून फाटलेलं शोधत बसायचा. अख्खं जाळं तो कधी बघत नसे. दोन तुकडे जिथे जोडलेत तिथे आधी हात घालायचा, आणि भोक बहुतेक वेळा तिथेच सापडायचं.

वैमानिकांचंही तसंच. सगळ्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर (म्हणजे सहवैमानिक), एअरबसचं जेट की एटीआरचं पंख्याचं छोटं विमान, बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर) कुठला, कंपनीत आला कधी आणि कुठल्या अटींवर, ट्रेनिंगच्या बदल्यात लिहून दिलेला बाँड किती उरलाय, कमांड अपग्रेड, म्हणजे कॅप्टन होणं, किती लांब, निवृत्ती किती जवळ. मग प्रत्येक गटासाठी एकच प्रश्न: मॅनेजमेंटने काय दिलं तर फक्त हा गट 'हो' म्हणेल? एटीआरवाल्याला जेटचं ट्रेनिंग. अपग्रेडच्या रांगेतल्याला पुढची बॅच. निवृत्तीला दोन वर्षं असलेल्याला उड्डाणाच्या तासाचा वाढीव दर. ही यादी एचआरकडे तयार असते. आपल्याकडे नसते, कारण आपल्यातलेच भेद कागदावर मांडायला आपल्याला ओशाळं वाटतं.

एअर इंडियाचा इतिहास इथे डोळ्यासमोर ठेवावा. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एकत्र झाल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोन राहिल्या. जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, जुन्या एअर इंडियावाल्यांची इंडियन पायलट्स गिल्ड. २०११ मध्ये पहिल्या संघटनेने समान पगारासाठी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये दुसरीने ५८ दिवस केला, आणि त्यातला मुख्य मुद्दा होता पहिल्यांना ड्रीमलायनर या नव्या बोइंग विमानाचं ट्रेनिंग देण्याला विरोध. दोन्ही वेळा संप करणाऱ्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली. एप्रिल २०२३ मध्ये नव्या मालकांनी, म्हणजे टाटांनी, नवी वेतनरचना आणली, तेव्हा मात्र दोघींनी मिळून सभासदांना 'सही करू नका' असं कळवलं. एका जोडावर टाका पडायला इतकी वर्षं लागली.

आता कायदाही इकडे बोट दाखवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्के कामगार जिच्याकडे ती एकटी वाटाघाटी करते. कुणाकडेच तेवढे नसतील, तर निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद बसते. म्हणजे दोन युनियन असल्या तर एका टेबलावर बसायची सवय वर्षभर आधीच लावलेली बरी. वैमानिक 'कामगार' या व्याख्येत बसतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. त्यामुळे कामगार कायद्याचा वकील पहिल्याच महिन्यात गाठा. घरच्या ओळखीतला, जमिनीचे दावे चालवणारा वकील इथे चालत नाही.

दहा महिने आधी: मागण्या लिहू नका, विचारा

आमच्या पहिल्या करारात कमिटीतल्या सहा जणांनी एका हॉटेलच्या खोलीत बसून मागण्या लिहिल्या. सहाही कॅप्टन. तासाचा दर, तासाचा दर, आणि वर थोडा तासाचा दर. फर्स्ट ऑफिसरांनी तो कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. पुढे काय झालं ते येईलच.

दुसऱ्या वेळी प्रत्येकाला दहा गुण दिले: पगार, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), सुट्टी, परगावच्या मुक्कामातली (लेओव्हरची) विश्रांती, विमा, अपग्रेडचे नियम यांत हवे तसे वाटा. निकाल पाहून आम्ही गार झालो. तरुणांचे सर्वांत जास्त गुण रोस्टर आधी कळण्याला आणि सणाच्या सुट्टीला होते. आपल्याकडच्या पोराला विचाराल तर तो पाच टक्के कमी घेईल, पण गणपतीला घर हवं म्हणेल. पंजाबातल्याला तेच दिवाळीला, केरळच्याला ओणमला. ज्याचा मुद्दा यादीत आहे तोच यादीसाठी थांबतो.

गुण हाती आले की हिशेब मांडा. समजा १,००० वैमानिक आहेत, प्रत्येकी महिन्याला ७० तास. तासाला १०० रुपये वाढ म्हणजे महिन्याला ७० लाख, वर्षाला ८ कोटी ४० लाख. रोस्टर चार दिवस आधी देण्याचा खर्च त्याच्या पासंगालाही पुरत नाही. कुठली मागणी कंपनीला किती महाग हे माहीत असलं, की 'परवडत नाही' या वाक्याला उत्तर देता येतं.

पगारापलीकडचं मिळतं का, तर मिळतं. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये ड्युटीच्या वेळांचे नवे नियम काढले, साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली. अंमलबजावणी लांबत गेली तेव्हा वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन बसल्या, आणि २०२५ मध्ये नियम दोन टप्प्यांत लागू झाले. (वर्षअखेरीस त्यांतून सवलती मागितल्या-दिल्या गेल्या, म्हणजे मिळालेलं राखायलाही माणसं लागतात.)

आठ महिने आधी: दहांमागे एक माणूस

एकजुटीचं खरं काम इथे होतं, आणि ते कंटाळवाणं आहे. प्रत्येक दहा वैमानिकांमागे एक स्वयंसेवक नेमा. हजार वैमानिक असतील तर शंभर. अमेरिकेतल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनची, म्हणजे १९३१ पासूनच्या तिथल्या सर्वांत मोठ्या वैमानिक संघटनेची, अशीच 'पायलट टू पायलट' साखळी असते.

स्वयंसेवक निवडताना बोलका माणूस शोधू नका. ज्याच्याशेजारी कॉकपिटमध्ये सगळ्यांना बसायला आवडतं तो शोधा. त्याचं काम महिन्यातून एकदा दहाही जणांशी बोलायचं, फोनवर किंवा समोरासमोर. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज बोलणं म्हणून धरायचा नाही. आधी विचारायचं, "कसं चाललंय? काय ऐकलंस?" मग ऐकायचं. मग युनियनकडून आलेल्या दोन-तीन गोष्टी सांगायच्या. शेवटी वहीत तीनपैकी एक खूण: सोबत आहे, साशंक आहे, घाबरलाय. नावं वहीतच राहतात, वर फक्त आकडे जातात. 'घाबरलाय' चे आकडे एका बेसवर वाढायला लागले, तर दोन दिवसांत कमिटीतलं कुणीतरी तिथे चहा प्यायला पोचलं पाहिजे.

स्टेराइल कॉकपिटचा नियम, म्हणजे विमान खाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाशिवाय दुसरं बोलायचं नाही, युनियनलाही लागू. दहा हजार फुटांच्या खाली करार हा शब्दही नको.

वाटाघाटी सुरू झाल्यावर: बोलणारा एक, कळवणारा एक

टेबलावर चार-पाच जण पुरेत, आणि त्यांत निदान एक फर्स्ट ऑफिसर हवाच. बोलणार एकच. बाकीच्यांना काही खटकलं तर चिठ्ठी सरकवायची, नाहीतर 'दहा मिनिटं द्या' म्हणून बाहेर यायचं. मॅनेजमेंटसमोर आपल्याच माणसाचं वाक्य दुरुस्त केलंत, तर पुढच्या बैठकीत ते त्या दुरुस्त करणाऱ्याकडे बघून बोलतील. प्रत्येक बैठकीची टिपणं दोघांनी स्वतंत्र घ्यावीत आणि त्याच रात्री ताडून पाहावीत.

बाहेर कळवायचा वार ठरवा. आमचा शुक्रवार होता. काही घडलं नाही तरी शुक्रवारी पत्रक जायचं: 'या आठवड्यात बैठक झाली नाही, पुढची अमुक तारखेला.' पत्रक चुकलं की त्या जागी अफवा येते, आणि अफवेला रोस्टर लागत नाही. काय सांगायचं नाही तेही आधी ठरवा आणि तसं उघड सांगा. आपण कुठवर खाली येऊ शकतो हा आकडा टेबलावरच्या माणसांपलीकडे जाता कामा नये. 'हा आकडा सांगणार नाही, कारण तो उद्या समोरच्यांकडे पोचेल' असं लिहिलं तर कुणी रागावत नाही. लोक रागावतात ते लपवलेलं नंतर कळलं की.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल एवढंच: तिथे लिहिलेलं सगळं मॅनेजमेंट वाचतंय असं धरून लिहा. बहुधा वाचतच असतात.

वैयक्तिक पत्र येतं तेव्हा

हे येणारच. साधारण वाटाघाटी आंबल्या की एका संध्याकाळी प्रत्येकाच्या ईमेलवर सुधारित अटींचं पत्र येतं. 'अमुक तारखेच्या आत स्वीकारा' अशी मुदत, आणि स्वीकारायला एक बटण. प्रत्येकाचं पत्र थोडं वेगळं असतं, त्याच्या जोडानुसार बेतलेलं. पहिल्या पायरीची यादी का करायला सांगितली ते इथे कळतं.

पत्र येण्याआधीच, साखळीतून, प्रत्येकाला चार गोष्टी सांगून ठेवा. एक, त्या रात्री बटण दाबू नका आणि एकट्याने नकारही देऊ नका. दोन, पत्राची प्रत युनियनला पाठवा. तीन, युनियनच्या वकिलाने केलेला एकसारखा मसुदा सगळ्यांनी पाठवायचा, 'माझ्या सेवाशर्तींबाबत वाटाघाटी चालू आहेत, उत्तर युनियनमार्फत देईन' अशा अर्थाचा. चार, चोवीस तासांत तुमचा स्वयंसेवक तुम्हाला फोन करेल. तो करेलच, याची हमी कमिटीची.

'नाही पटलं तर सोडून जाईन' म्हणणाऱ्यांना नियम वाचून दाखवा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दार आहे, पण ते हळू उघडतं.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या करारात असंच पत्र आलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या एका फर्स्ट ऑफिसरने तिसऱ्या दिवशी सही केली. क्रू बसमध्ये, सगळ्यांसमोर, मी त्याला म्हटलं, "गावचं नाव काढलंस हां." तो काही बोलला नाही, खिडकीबाहेर बघत राहिला. आठवड्याभरात आणखी चौघांनी सह्या केल्या. चौघेही त्याच्या बॅचचे. फार उशिरा कळलं की त्याच्या ट्रेनिंगसाठी वडिलांनी कलमांची बाग गहाण टाकली होती आणि बँकेचा हप्ता दोनदा चुकला होता. त्याच्याकडे कुणी विचारायला गेलंच नव्हतं. आमच्या मागण्यांच्या कागदावर त्याचं काही नव्हतं, आणि मी वर टोमणा मारला. चुलत्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोर सुटलो त्येचो हात आधी बघूक व्हयो. सोललेलो आसतलो."

म्हणून नियम: सही केलेल्याला वाळीत टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बॅचमधला एक जण त्याला भेटतो, कारण विचारतो, आणि 'पुढच्या मतदानात तुझं मत हवंय' एवढंच सांगतो. रागावलेल्यांना आवरणं हे अध्यक्षाचं काम आहे, आणि ते मॅनेजमेंटशी भांडण्यापेक्षा अवघड आहे.

घर आणि पैसा

वैमानिकाचा पगार मोठा तसे हप्तेही मोठे. करार संपायच्या वर्षभर आधीपासून नवी गाडी, नवा फ्लॅट थांबवा, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. युनियनने मदतनिधी वेगळ्या खात्यात ठेवावा, दोघांच्या सहीने चालणारा, आणि त्यातून बिनव्याजी उचल द्यावी. निधी आहे आणि मागणाऱ्याचं नाव फुटत नाही, या दोन्ही गोष्टी लोकांना आधी माहीत हव्यात. बागेच्या हप्त्यांना तेव्हा आमच्याकडे असा निधी असता तर पाच सह्या वाचल्या असत्या.

घरच्यांची एक बैठक घ्या, नवरे, बायका, आईवडील सगळ्यांची. घरी बातमी टीव्हीवरून कळली की रात्री फोनवर पहिलं वाक्य येतं, "कशाला त्या भानगडीत पडतोस?" त्या वाक्याने जितके हात सुटलेत तितके एचआरच्या पत्राने सुटले नसतील.

आजारी पडायचं नाही

तावातावात कुणीतरी सुचवतंच: सगळे एकदम सिक कॉल देऊ. आपल्याकडे सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी ते केलं. युनियन काढणाऱ्या दोघांना कामावरून काढल्यावरून शेकडो जण पाच दिवस 'आजारी' होते, आणि शेवटी समझोता झाला. पण ती वाट आता निसरडी आहे. नव्या संहितेत ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तो संपच. संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते, नोटीस साठ दिवस चालते, आणि समेटाची कार्यवाही चालू असताना व त्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी १९९९ मध्ये असे सिक कॉल दिले, कोर्टाने थांबवूनही लगेच थांबले नाहीत, आणि त्यांच्या संघटनेला साडेचार कोटी डॉलरहून जास्त दंड झाला.

माझा आक्षेप कायद्यापलीकडचाही आहे. खोटा आजार, खोटी थकव्याची तक्रार, मुद्दाम लिहिलेला स्नॅग (विमानातला बिघाड) यांनी खऱ्या तक्रारीची किंमत जाते. खरंच थकलात तर तक्रार करा, करार असो नसो. विमानाची सुरक्षितता टेबलावर ठेवायची वस्तूच नव्हे.

मतदान, आणि ते कधी घ्यायचं

संपाचं मतदान गुप्त घ्या, आणि साखळीतल्या वह्यांवरून नव्वद टक्क्यांच्या पुढे जाल असं दिसेपर्यंत घेऊ नका. साठ टक्के म्हणजे आपण एक नाही याची जाहीर कबुली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत डेल्टा एअर लाइन्सच्या वैमानिकांचं मतदान झालं. ९६ टक्क्यांनी मत दिलं, त्यातल्या ९९ टक्क्यांनी संपाला परवानगी दिली. संप झालाच नाही, पुढच्या मार्चमध्ये चार वर्षांत एकूण ३४ टक्के वाढीचा करार झाला. तिथला रेल्वे लेबर अॅक्ट (विमान कंपन्यांनाही तोच लागू) वेगळा आहे, करार मुदतीनंतरही चालूच राहतो आणि संपापर्यंत पोचायला मध्यस्थी, मग तीस दिवसांची थांबायची मुदत, असं सगळं पार करावं लागतं. म्हणून तिथल्या तारखा इथे लावू नका. आकड्याचा धाक मात्र दोन्हीकडे सारखाच.

करार हातात आल्यावर

सारांश वाटू नका, पूर्ण मसुदा वाटा, आणि वाचायला दोन आठवडे द्या. प्रत्येक बेसवर कमिटीतला माणूस जाऊन अवघड कलमं समजावेल, ज्यात आपण माघार घेतली ती आधी. मग मतदान. सभासदांनी फेटाळला तर रुसायचं नाही. अमेरिकेतल्याच युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतःच्या संघटनेने आणलेला मसुदा ९४ टक्के मतांनी परत पाठवला, आणि वर्षभरात त्याहून चांगला करार पदरात पाडला.

मंजूर झाला तर सही केलेले पाच आणि न केलेले बाकीचे, सगळ्यांना एकच करार. यावर अडून बसा.

आम्हाला दुसऱ्या करारात सणाच्या सुट्टीचं कलम मिळालं. प्रत्येक वैमानिकाने वर्षात एक सण निवडायचा, जागा कमी असतील तर जूनमध्ये क्रू रूममध्ये सर्वांसमोर चिठ्ठ्या काढायच्या, आणि ज्याची निघाली त्याचं नाव पुढच्या वर्षी शेवटी. पहिली चिठ्ठी काढायला युनियनने त्या बागवाल्या मुलालाच उभं केलं. त्याने डब्यात हात घातला, पहिलं नाव कुणा मल्याळी मुलीचं निघालं, मग दोन गोव्याचे. माझी चिठ्ठी त्या वर्षी डब्यातच राहिली. चतुर्थीला मी दिल्लीत होतो.